सतरा नंबरचा झगा

रूथ भिंगारदिवे आमच्या म्युझियममध्ये पहिल्यांदा आल्या त्या तक्रार करायला. रिसेप्शनवरच्या मुलीने मला खाली बेसमेंटमध्ये फोन केला. "एक बाई आल्यात. भिंतीवरचा फोटो चुकलाय म्हणतात. तू येतेस का?" फोटो चुकला असेल तर ते माझंच काम होतं, म्हणून वर गेले.

जिन्याजवळ सत्तरीच्या आसपासची एक ठेंगणी बाई उभी होती. पांढरे स्पोर्ट्स शूज, करडा स्वेटर, खांद्याला कापडी पिशवी, केसांचा घट्ट अंबाडा. माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचं नाव वाचून ती सरळ मराठीत म्हणाली, "मीनल देशमुख. बरं झालं, आता इंग्रजी नको. ह्या मुली कुठल्या?"

फोटोत वीसेक मुली एका दगडी इमारतीच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. खाली लेबल होतं, 'पॅसिफिक बेटांवरील मिशन शाळेच्या विद्यार्थिनी'.

"बेटावरच्या," मी म्हणाले.

"बेटावर लुगडी कोण नेसतं गं? त्या कडेच्या मोठ्या मुलीचा कासोटा बघ. ही नगरची शाळा आहे. ह्या पायऱ्या मी पाच वर्षं झाडल्यात."

मी नाशिकची. दोन वर्षं त्या फोटोसमोरून दिवसातून चार वेळा जात होते. लेबलवर बेट लिहिलं होतं, म्हणून मला बेट दिसत होतं.

इथे थोडं सांगायला हवं. आमचं म्युझियम मॅसॅच्युसेट्समध्ये आहे, श्रूजबरीतल्या माझ्या घरापासून अर्ध्या तासावर. इमारत पूर्वी एका मिशन सोसायटीची होती. दीडेकशे वर्षांपूर्वी इथून माणसं बायबलं घेऊन पॅसिफिकमधल्या बेटांवर गेली आणि परत येताना पेट्या भरून वस्तू घेऊन आली. शंख, वल्ही, चटया, लाकडी वाडगे. त्याच सोसायटीची दुसरी माणसं नगरलाही गेली. त्यामुळे दोन्हीकडचे फोटो एकाच कपाटात आले आणि कुणाच्या तरी हातून मिसळले. मी इथे रजिस्ट्रार आहे, म्हणजे कुठली वस्तू कुठून आली, कुणी दिली, कुणी केली, कुठल्या खणात आहे, ह्या सगळ्याची नोंद माझ्याकडे असते. प्रत्येक वस्तूचं एक कार्ड. कार्डावर जे आहे ते खरं, असं गृहीत धरूनच इथे सगळे काम करतात.

फोटोचं कार्ड मी पंधरा दिवसांत बदललं. पुरावा फोटोतच होता. रूथबाई नवीन लेबल बघायला आल्या, वाचून म्हणाल्या, "चला, घरी पोहोचल्या पोरी." आणि मग विचारलं, "अजून काय काय चुकलंय तुमच्याकडे?"

त्यानंतर त्या दर मंगळवारी आणि गुरुवारी यायला लागल्या. व्हॉलंटिअर म्हणून फॉर्म भरला. चाळीस वर्षं वूस्टरच्या एका हॉस्पिटलात नर्स होत्या, लग्न केलेलं नव्हतं, रिटायर होऊन बराच काळ झाला होता. सीनियर हाउसिंगमधल्या एका खोलीत एकट्या राहायच्या आणि दोन बस बदलून यायच्या. मी दोनतीनदा गाडीने आणायला येते म्हणाले. "नको. बसमध्ये माणसं असतात," त्या म्हणाल्या.

बेसमेंटच्या दारात आल्या की "सलाम" म्हणायच्या. नगरकडच्या ख्रिस्ती घरांतून असंच म्हणतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळात त्या एका गणेशोत्सवाला आल्या होत्या, तिथेही दारात त्यांनी "सलाम" म्हटलं. दोन बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. तिसरीने विचारलं, "तुम्ही गोव्याच्या का?"

"नगरची."

"नाही, म्हणजे मूळच्या?"

"मूळची सावेडीची," रूथबाई म्हणाल्या आणि मोदक घेऊन कोपऱ्यात जाऊन बसल्या. परतताना गाडीत मला म्हणाल्या, "एक पाहिलंस का? तुला त्या लहान मुली काकू म्हणतात. मला आंटी. गळ्यात क्रॉस दिसला की एवढ्याशा पोरींचंही मराठी पळून जातं."

रविवारी कुठे जाता, असं मी एकदा विचारलं. जवळ एक भारतीय चर्च होतं, पण तिथे सगळे केरळचे. "दोन तास बसले. आमेन तेवढं कळलं." मग त्या गोऱ्यांच्या चर्चमध्ये जायला लागल्या. तिथल्या म्हाताऱ्या फार प्रेमळ होत्या आणि दर दोन महिन्यांनी कुणीतरी विचारायचंच, तुम्ही ख्रिस्ती कधी झालात? "आमच्यात माझी सहावी पिढी. मी सांगते त्यांना, तुमच्या पणजोबांना विचारा, तेच आले होते."

हे सगळं त्या हसून सांगायच्या. तक्रारीचा सूर नसायचा. मीही त्यावर फार विचार केला नाही. मला कामं होती.

त्यांची कामाची पद्धत नर्सची होती. वस्तूला हात लावण्याआधी दहा मिनिटं नुसतं बघायच्या. मग बोटांच्या मागच्या बाजूने स्पर्श करायच्या, कपाळाचा ताप बघतात तसा. प्रत्येक वस्तूला पेशंट म्हणायच्या. रोजच्या नोंदवहीत आम्ही 'आर्द्रता अमुक, बदल नाही' असं लिहायचो, त्या लिहायच्या, 'पेशंट शांत. डाव्या कडेला थोडी कुरकुर.' डायॅनला, म्हणजे महिन्यातून एकदा येणाऱ्या आमच्या दुरुस्ती-तज्ज्ञ बाईला, हे इतकं आवडलं की तीही तसंच लिहायला लागली.

बॉयलरजवळ एक बाक होतं. दुपारी रूथबाई तिथे बसून डबा खायच्या. शेजारच्या फळीवर त्यांनी स्वतःचे दोन कप आणून ठेवले होते, निळ्या काठाचे. पहिल्या दिवशीच म्हणाल्या, "एक तुझा." मी कॉफी टेबलावरच घेते, काम करता करता. दुसरा कप पालथाच असायचा. त्या तो दर गुरुवारी धुवायच्या मात्र.

आता चिकाचं सांगते.

आमच्याकडे झाडाच्या सालीचं कापड बरंच आहे. बेटांवरच्या बायका झाडाची आतली साल भिजवून लाकडी दांडक्याने ठोकतात, ती पसरत पसरत कागदासारखी पातळ होते. आपण वल्कलं म्हणतो ती हीच असावीत. रूथबाईंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाल्या, "सीतामाई हे नेसून चौदा वर्षं जंगलात राहिली? टाचणी लागली तरी फाटेल." असं कापड फाटलं की त्याला मागून पातळ जपानी कागद लावतात, आणि तो चिकटवायला गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात. ती पावडर विकत मिळते. डायॅन ती शिजवत होती, रूथबाई बाजूला उभ्या होत्या.

"मीनल, हिला सांग, हा चीक आहे."

"काय?"

"कुरडयांचा चीक गं. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, वाटायचा, पिळायचा. खाली बसतो तो हाच. ही पावडर शिळी आहे, हिला धरच नाही."

पुढच्या मंगळवारी त्या स्टीलच्या डब्यात घरचा चीक घेऊन आल्या. मी म्हणाले, बाई, असं चालत नाही इथे, प्रत्येक गोष्ट तपासावी लागते. डायॅनने तपासली. फाटक्या तुकड्यांवर लावून तीन महिने ठेवली. मग म्हणाली, आपल्या पावडरपेक्षा हे चांगलं आहे. त्या दिवशी रूथबाईंनी वरच्या मजल्यापर्यंत सगळ्यांना नाताळासाठी केलेल्या चकल्या वाटल्या. नाताळ दोन दिवसांवर होता आणि त्यांनी फराळ नेहमीसारखा सहा माणसांचा केला होता.

"एवढं कोण खातं तुमच्याकडे?" मी विचारलं.

"कमी करायला हात शिकलाच नाही," त्या म्हणाल्या.

झगा त्यांच्यासमोर आला तो ह्यानंतर. सातआठ वर्षांच्या मुलीच्या मापाचा, गळाबंद, लांब बाह्यांचा फ्रॉक, संपूर्ण सालीच्या कापडाचा. बेटावरच्या बायका हे कापड अंगाभोवती गुंडाळायच्या. मिशनच्या लोकांना ते पटलं नाही, म्हणून त्याच कापडाचे त्यांच्या पद्धतीचे कपडे शिवले गेले. ह्या झग्याचा डावा खांदा फाटला होता आणि आतली घडी कुणीतरी पूर्वी सरसाने चिकटवून टाकली होती. ती उघडायची नाही असं डायॅनने ठरवलं, कापड तुटलं असतं. कार्डावर लिहिलं होतं, 'मिशनरीच्या पत्नीने बेटावरील मुलीसाठी शिवलेला पोशाख'. बेटाचं नाव इथे लिहीत नाही, तिथल्या लोकांनी तशी विनंती केली आहे.

रूथबाईंनी दहाऐवजी वीस मिनिटं बघितलं. दुपारनंतर म्हणाल्या, "हे मडमेनं शिवलेलं नाही."

"कशावरून?"

"टाका बघ कुठे झुकतोय. डाव्या हाताचा टाका आहे. मी डावखुरी आहे, मला सांगू नकोस. आणि बघ, गळ्याशी तीनदा उसवून परत घातलाय. भोकं दिसतात. मोठी बाई स्वतःचं शिवण तीनदा उसवत नाही. कुणीतरी डोक्यावर उभं राहून उसवायला लावतं. पोरीनं स्वतः शिवलाय हा."

"मिशनरीची बायको डावखुरी नसेल कशावरून?"

"वर तिच्या हातचे दोन उशीचे अभ्रे आहेत. बघून आले मी. उजव्या हाताचे आहेत."

म्हणजे दुपारचा डबा न खाता त्या वर जाऊन अभ्रे बघून आल्या होत्या. मला मनातून पटलं होतं. पण मला पटलं हा पुरावा होत नाही. मी म्हणाले, "बाई, ह्याला अंदाज म्हणतात. कार्डावर अंदाज लिहिता येत नाही. कागद दाखवा, पत्र दाखवा, काहीतरी दाखवा."

"कागद मडमेकडे होता. पोरीकडे सुई होती."

"मला मान्य आहे. तरी नाही बदलता येणार."

त्या रागावल्या नाहीत. बॉयलरजवळ जाऊन बसल्या आणि मला बोर्डिंगची गोष्ट सांगितली. नगरच्या बोर्डिंगमध्ये प्रत्येक मुलीला नंबर असायचा. साबण नंबरावर, ताट नंबरावर, धुतलेले कपडे नंबरावर. पहिलं शिवण शिकायचं ते आपला नंबर लाल दोऱ्याने कपड्याच्या आतून घालायचं. रूथबाईंचा एक्केचाळीस, त्यांच्या धाकट्या बहिणीचा, एस्थरचा, बेचाळीस. आई महिन्यातून एकदा भेटायला यायची, तेव्हा कामाला होती त्या गावाहून आठ मैल चालून. एकदा मेट्रन नवीन होती. आई म्हणाली, रूथला बोलवा. मेट्रनने विचारलं, नंबर? आईला नंबर माहीत नव्हता. ती दुपारपर्यंत फाटकापाशी बसून परत गेली.

"मी आत होते. झाडत होते," रूथबाई म्हणाल्या. "छान शाळा होती, बरं का. त्या शाळेनं मला इथवर आणलं. पण हेही झालं."

त्याच हिवाळ्यात ठरलं की झगा आणि आणखी काही वस्तू बेटाला परत द्यायच्या. सप्टेंबरात तिथून तीन बायका न्यायला येणार होत्या. कार्डाची प्रत वस्तूबरोबर जाते. रूथबाईंच्या डोक्यात तेव्हापासून एकच गोष्ट होती. दर मंगळवारी विचारायच्या, "कार्डाचं काय?" मी म्हणायचे, "काही नवीन?" "नाही." "मग नाही." एकदा म्हणाल्या, "चुकीच्या कागदावर घरी जाणार आहे ती पोर. तुला झोप लागते?" मला लागत होती. तरी मी सोसायटीच्या जुन्या पत्रांचे खोके काढले आणि तीन आठवडे वेळ मिळेल तसे वाचले. त्या बेटावरच्या शाळेत किती मुली होत्या, किती आजारी पडल्या, किती प्रार्थना शिकल्या, सगळं होतं. नावं नव्हती.

मे महिन्यात खांद्याचा पॅच लावला. डायॅनने परवानगी दिली होती, हात रूथबाईंचा. जपानी कागद, घरचा चीक. काम सुरेख झालं.

ऑगस्टमध्ये हवा दमट झाली. एका सकाळी पेटी उघडली तर पॅचच्या कडेला पांढरी बारीक पूड आली होती आणि कागद सुटत होता. मला आधी बुरशी वाटली. रूथबाईंनी दहा मिनिटं बघितलं. मग जे इथे कुणीही कधीही करत नाही ते केलं. बोटाला ती पूड लावली आणि जिभेवर ठेवली.

"मीठ," त्या म्हणाल्या. "माझं आहे."

कुरडयांचा चीक शिजवताना मीठ घालतात. खळीत घालायचं नसतं, मीठ ओल धरतं. इतक्या महिन्यांत त्यांनी एकदाही चूक केली नव्हती. मी विचारलं, झालं कसं?

"पॅच लावायच्या दिवशी सकाळी चीक ढवळत होते, तेव्हा फोन आला. एस्थर गेली म्हणून. उन्हाळ्यात आम्ही दोघी मिळून करायचो कुरडया. ती सोऱ्या धरायची. फोन ठेवला आणि परत ढवळायला लागले. मीठ टाकलं असणार. मला आठवत नाही."

मी नोंदवही काढली. त्या गुरुवारच्या पानावर त्यांच्या अक्षरात होतं, 'पॅच बसवला. पेशंट शांत.' मला तो दिवस आठवला. दुपारी त्यांनी डायॅनला तिच्या नातवाच्या दाताबद्दल विचारलं होतं. मला म्हणाल्या होत्या, आज उजेड चांगला आहे. दोन बस बदलून त्या डबा घेऊन आल्या होत्या आणि आम्हा कुणालाही काही बोलल्या नव्हत्या.

"सांगायचं होतंत," मी म्हणाले.

"कुणाला?"

उलट विचारलं तेही रागाने नाही, खरंच विचारलं. मी त्यांना खुर्ची दिली आणि नुकसानीच्या अहवालाचा फॉर्म काढला. दुसरं काय करायचं मला सुचलं नाही. त्या म्हणाल्या, "लिही. माझं नाव घालून लिही. नर्सनं चूक लपवायची नसते." मी लिहिलं. डायरेक्टरचं उत्तर दुपारीच आलं, व्हॉलंटिअरने ह्यापुढे वस्तूंना हात लावू नये. रूथबाईंनी वाचलं आणि विचारलं, "यायला तर बंदी नाही ना?"

"नाही."

"मग ठीक."

पण ठीक नव्हतं, ते आम्हा दोघींनाही कळत होतं. मिठाची चूक करणाऱ्या बाईचं टाक्यांबद्दलचं मत आता कोण ऐकणार? त्या दिवसापासून त्यांनी कार्डाचं विचारणं बंद केलं.

डायॅन पॅच काढायला आली. म्हणाली, "हात नाही लावायचा ना? मग दिवा धरू दे त्यांना." रूथबाई दिवा धरून उभ्या राहिल्या. डायॅनने ओला ब्रश फिरवून कागद अलगद उचलला. मग थांबली. मिठाने तीन महिने ओल धरून ठेवली होती, त्या ओलीने खांद्याच्या आतल्या घडीचा जुना सरस विरघळला होता. जी घडी आम्ही उघडणार नव्हतो ती आपोआप सुटली होती.

आत लाल दोऱ्याचे चिमुकले फुलीचे टाके होते. एक आणि सात. सतरा.

मी रूथबाईंच्या हातातून दिवा घेतला. त्या वाकून बघत राहिल्या, दहा मिनिटं तरी. मग म्हणाल्या, "सातची शेपटी उलटी गेलीय. डावखुरी आहे." आणि माझ्याकडे वळून, "आता?"

आता पुरावा होता. बोर्डिंगचा नंबर, मुलीच्या हातचा, झग्यावरच्या बाकी टाक्यांशी जुळणारा. डायॅनने मोठ्या भिंगातून फोटो काढले, अभ्र्यांचेही काढले. मी कार्ड नव्याने टाइप केलं. 'शिवणारी: मिशन शाळेची विद्यार्थिनी, क्रमांक १७, डावखुरी. नाव नोंदलेले नाही.' असा बदल केला की तो कुणाच्या निरीक्षणावरून केला हे लिहावं लागतं, तो नियम आहे. म्हणून खाली लिहिलं, 'निरीक्षण: रूथ भिंगारदिवे'. त्यांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं.

"माझं नाव आलं आणि तिचं नाही," त्या म्हणाल्या. "उलट व्हायला हवं होतं."

"तिचं मिळालं तर लगेच घालीन."

"मिळत नसतं गं ते."

सप्टेंबरात तिघी आल्या. सगळ्यांत मोठी मेरी, ऐंशीच्या पुढची, काठी टेकत, डोक्याला फूल लावलेली. वर छोटा समारंभ झाला, डायरेक्टर बोलले. रूथबाई मागच्या रांगेत बसल्या होत्या. मग पाहुण्यांना खाली झगा दाखवायला आणलं. मेरीने कार्ड वाचायला लावलं, सतरा ऐकल्यावर हात वर करून थांबवलं आणि विचारलं, हे कुणी शोधलं?

मी रूथबाईंकडे बोट दाखवलं. मेरीने त्यांना वरून खालपर्यंत पाहिलं. "तुला कसं कळलं?"

"मला नंबर होता," रूथबाई म्हणाल्या. "फॉर्टी-वन."

"ट्वेन्टी-सिक्स," मेरी म्हणाली.

मग मेरीने काठी उचलून बोटांवर मारल्यासारखं केलं आणि रूथबाईंनी हात झटकन मागे घेतला, आणि दोघी हसायला लागल्या. रूथबाईंना इतक्या मोठ्याने हसताना मी पूर्वी पाहिलं नव्हतं. नंतर दोघी बॉयलरजवळच्या बाकावर जाऊन बसल्या. बाकीच्यांबरोबर मी पॅकिंगच्या कागदांवर सह्या घेत होते, त्यामुळे काय बोलत होत्या ते ऐकलं नाही. मध्येच एकदा मान वर केली तेव्हा मेरीच्या हातात निळ्या काठाचा कप होता.

तासाभराने पेटी गाडीत गेली आणि त्या तिघी गेल्या. मी खाली आले तेव्हा रूथबाई दोन्ही कप धूत होत्या. म्हणाल्या, "आठ हजार मैल लांब राहते ती," आणि नळ बंद केला.

त्यानंतर त्या आणखी दहाबारा मंगळवार आल्या. हात लावायला परवानगी नव्हती, म्हणून याद्या वाचून द्यायच्या, मी टाइप करायचे. मग बर्फात बस स्टॉपवर पडल्या, खुबा मोडला. हॉस्पिटलातून नर्सिंग होममध्ये गेल्या आणि तिथेच राहिल्या. मी तीनदा गेले. तीनदा म्हणजे फार नाही, हे मला माहीत आहे.

तिसऱ्या वेळी गेले तो फेब्रुवारी होता. खिडकीजवळच्या खुर्चीत त्या मांडीवर करडा स्वेटर उलटा करून बसल्या होत्या. डाव्या हातात सुई, लाल दोरा. तिथे सगळ्यांचे कपडे एकत्र धुतात, म्हणून प्रत्येकाच्या कॉलरवर खोलीचा नंबर छापलेली पट्टी चिकटवतात. रूथबाईंनी ती काढून टाकली होती.

इतक्यात कामावरची मुलगी टॉवेल ठेवायला आली आणि माझ्याकडे वळून कुरकुरली, "तुम्ही तरी सांगा यांना. काय लिहितात ते आम्हाला वाचता येत नाही. लाँड्रीत कपडे हरवतील."

"काय म्हणते ती?" रूथबाईंनी विचारलं. ऐकू कमी यायला लागलं होतं.

"म्हणते, तिला वाचता येत नाही."

"तुला येतं ना?"

मी वाकून पाहिलं. कॉलरच्या आत, उलट्या बाजूने, बारीक फुलीच्या टाक्यांत 'रूथ' होतं. पुढे 'भिं' होतं आणि 'गा'चा काना अर्धा झाला होता. टाके पूर्वीसारखे सरळ नव्हते, दोन ठिकाणी उसवून परत घातलेले दिसत होते.

"मेलं आडनाव लांब आहे," त्या म्हणाल्या. "एक अक्षर घातलं की हात दुखतो. तू पुढच्या वेळी येशील तोवर 'र'पर्यंत जाईन."

मी बसते म्हणाले. त्या म्हणाल्या, "नको, तुला ट्रॅफिक लागेल. तो दिवा तेवढा इकडे कर."

मी दिवा सरकवला. दारातून वळून पाहिलं तेव्हा त्या कॉलर डोळ्यांजवळ धरून नुसत्या बघत होत्या. हात लावायच्या आधीची दहा मिनिटं चालू होती.